संजनाने निवडलेले पिस्टन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नजीरचाचांचं वर्कशॉप आहे. तिथे इंजिनाचे सिलिंडर आतून मापात कोरायचं, म्हणजे बोअरिंगचं काम करते ती संजना. आयटीआय करून पहिल्या कंपनीत लागली, तेव्हा तिला मशीन मिळालंच नाही. मोजमापाच्या टेबलावर बसवलं. तीन वर्षं ती इतरांनी केलेलं काम मोजत राहिली. कंटाळून नजीरचाचांकडे आली, तर त्यांनी मायक्रोमीटर आणि एक सिलिंडर पुढ्यात ठेवला. चार ठिकाणी मोजून ती म्हणाली, "चाचा, हा गोल नाहीये." चाचांनी त्याच दिवशी तिला मशीनवर उभं केलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मागच्या मार्चमध्ये पिंपळगावचा प्रफुल्ल त्याच्या जुन्या बीटल गाडीचं इंजिन घेऊन आला. पाण्याने नाही, हवेने थंड होणारं इंजिन. ते त्याला मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांपर्यंत पळवायचं होतं. इंटरनेटवरून मागवलेले, घुमटासारख्या उंच डोक्याचे पिस्टन त्याने टेबलावर मांडले. "ताई, एवढे बसवून द्या. ताकद वाढेल."

"गाडी चालवता कुठे?"

"रोज नाशिकला येतो. रविवारी सापुताऱ्याचा घाट."

"मे महिन्यातसुद्धा?"

"हो, का?"

"मग हे नकोत. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब वाढेल, त्यासोबत उष्णताही. रेसच्या गाडीला दहा मिनिटं निभावतं. तुम्हाला भर उन्हात घाट चढायचाय."

प्रफुल्लचा चेहरा उतरला. नजीरचाचा म्हणाले, "साधे ओतीव, कास्टिंगचे बसव बेटा. सिलिंडरमध्ये फट कमी लागते, आवाज नाही. माझं आयुष्य त्यांच्यावर गेलं."

"चार हजार फेऱ्या असत्या तर मीही तेच घेतले असते, चाचा. या वेगाला ते चिरतील."

चाचांचं म्हणणं तिने खोडलं ते पहिल्यांदाच. ते चहाला निघून गेले. त्या दुपारी संजनाचा डबा तसाच राहिला.

तिने सपाट डोक्याचे, आखूड आणि हलके, फोर्जिंगचे म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन मागवले. आले तसे सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणले. एक चार ग्रॅम जड भरला.

"चार ग्रॅमने काय होतंय?" प्रफुल्लने विचारलं.

"मिनिटाला साडेसहा हजार वेळा वर-खाली होणार तो. तेव्हा कळेल."

आतल्या बाजूने थोडा थोडा धातू काढत तिने चारही पिस्टनचं वजन सारखं केलं. फोर्जिंगचा पिस्टन तापला की जास्त फुगतो. म्हणून सिलिंडरमध्ये नेहमीच्या दुप्पट फट ठेवली.

गाडी नेल्यावर पहिल्याच सकाळी प्रफुल्लचा घाबरून फोन आला. "ताई, इंजिन टकटक वाजतंय!"

"बंद करू नका. जोरातही पळवू नका. हळूहळू तापू द्या. पिस्टन फुगले की फट भरेल."

ती फोन कानाला लावून ऐकत राहिली. पाचेक मिनिटांत टकटक विरली.

मे महिन्यात सापुताऱ्याला ती स्वतः गाडीत बसून गेली. घाटात फेऱ्यांचा काटा सहा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा प्रफुल्ल हसत होता आणि ती डोळे मिटून आवाज ऐकत होती.

तीन हजार किलोमीटर झाल्यावर तिने गाडी परत बोलावली.

"चांगली चाललीये, उघडता कशाला?"

"माझा हिशेब बरोबर होता की नुसतं नशीब, ते बघायचंय."

तीन पिस्टन स्वच्छ निघाले. चौथ्याच्या कडेला बारीक ओरखडा होता. शोधत गेली तेव्हा त्या सिलिंडरकडे वारा नेणारा पत्रा वाकलेला सापडला; त्यामुळे तो जास्त तापत होता. तिने तो सरळ केला आणि पिस्टन घासून साफ केला. "हा पत्रा मी आधीच बघायला हवा होता," असंही प्रफुल्लला सांगितलं.

नजीरचाचांनी चष्मा लावून चारही पिस्टन फिरवून फिरवून पाहिले. तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. जुन्या इंजिनाबद्दल विचारत होता. चाचा म्हणाले, "थांबा, आमच्या संजनाला देतो. ती सांगेल ते करायचं."