मिठीत न सापडणारं पिस्तूल

आमच्या पर्सिमन गॅप गावच्या बॅप्टिस्ट चर्चला पुढचं दार एकच, आणि त्या दारात सव्वीस वर्षं माणूसही एकच: माझे चुलते डेल्मर टॅकेट. वय चौसष्ट, वजन पावणेतीनशे पौंड. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मांस कापायचं काम करत ते साठीला पोचले. हात असे, की डुकराची अख्खी मांडी त्यांच्या हातात कोंबडीच्या तंगडीसारखी दिसायची. रविवारी सकाळी साडेनऊला बदामी कोट घालून काका दारात उभे राहिले, की पाळक नाही आले तरी चालेल, असं निम्म्या मंडळीचं खाजगी मत होतं.

कागदोपत्री काकांचं काम म्हणजे येणाऱ्याच्या हातात उपासनेचा छापील कागद देणं. प्रत्यक्षात ते मिठ्या मारायचे. विधवांना लांब आणि हलकी. शेतकऱ्यांना आखूड, पाठीवर दोन थापांसकट. त्या थापा गादी झोडपल्यासारख्या रस्त्यापर्यंत ऐकू जायच्या. वयात आलेल्या पोरांना नुसता खांद्याला खांदा, कारण त्या वयात मिठीची लाज वाटते हे काकांना न सांगता कळायचं. लहान मुलं मिठीबिठीच्या भानगडीत पडत नसत. ती थेट कोटाच्या उजव्या खिशात हात घालून पेपरमिंटची गोळी काढून पळायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग शेजारच्या काउंटीत एका चर्चमध्ये भर उपासनेत एक दारुडा शिरला आणि पाळकांच्या खुर्चीत बसून घोरायला लागला. झालं एवढंच. पण आमच्या मंडळीने लगेच सुरक्षा समिती नेमली. बाकीच्या चर्चांनी ती केव्हाच नेमली होती. आपण मागे राहिलो ही खंत होतीच, दारुड्याने निमित्त दिलं.

समितीचे प्रमुख झाले होलिस क्रॅबट्री. तीस वर्षं शेरीफच्या हाताखाली काढून निवृत्त झालेले, आणि निवृत्ती अंगी न लागलेले. त्यांनी दोन नियम केले. दारातल्या माणसाजवळ पिस्तूल पाहिजे. आणि ते आहे, हे कोणाला कळता कामा नये.

पहिल्या नियमाचं कोणाला काही वाटलं नाही. आमच्याकडे पिस्तूल नसलेला माणूस शोधायला कष्ट पडतात. खरी मेख दुसऱ्यात होती. आमच्याकडे पिस्तूल बाळगण्याची कोणी फुशारकी मारत नाही, पण कपड्यातून त्याचा आकार दिसणं म्हणजे पँटची चेन उघडी राहण्यासारखं. लोक बोलत नाहीत, पण बघतात.

"महिन्याच्या शेवटच्या रविवारी परीक्षा," होलिसनी काकांना सांगितलं. "उपासना संपल्यावर मी तिघांना विचारीन, आज दारातल्या माणसाकडे काही जाणवलं का. एकानेही हो म्हटलं, की दार आमच्या गार्लंडकडे."

गार्लंड म्हणजे होलिसचा मेहुणा. तो हस्तांदोलन करायचा दोन बोटांनी, ओलं फडकं उचलल्यासारखं.

"तो दारात?" काका घरी येऊन लोरीनकाकूला म्हणाले. "अगं, लोकांना वाटेल आत मयत आहे."

त्या रात्री काका जेवले नाहीत. लोरीनकाकूने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज उतरला होता, कारण चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

पहिल्या रविवारी काकांनी आजोबांचं फौजेतलं जुनं पिस्तूल कमरेला लावलं. ते चांगलं हातभर. पहिल्याच मिठीला अर्वेलामावशी आल्या. वय शहाऐंशी, कानाने अधू, त्यामुळे त्यांची कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत पोचते.

"डेल्मर! हे काय रे टोचतंय? कमरेचं हाड सरकलं की काय?"

"काही नाही, मावशी."

"काही नाही कसं? अरे, पिस्तूल आहे हे! माझ्या नवऱ्याचं अगदी असंच टोचायचं!"

आत गाणाऱ्यांचा सराव चालला होता, तो थांबला.

सोमवारी मी काकांना घेऊन ट्वायला स्प्रेगच्या दुकानात गेलो. तिथे एका भिंतीला गळाला लावायच्या जिवंत माशांच्या टाक्या आणि दुसऱ्या भिंतीला पिस्तुलं. काकूही आली होती. तिला काकांच्या खरेदीवर भरवसा नाही.

"काय दाखवू?" ट्वायलाने विचारलं.

"लहानात लहान."

"कशाला?"

"लपवायला."

ट्वायलाने काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "डेल्मर, तुझ्या अंगावर ट्रॅक्टर लपेल. जागेची अडचण नाहीये तुला."

"लोक मिठ्या मारतात ना."

"कोण लोक?"

"सगळेच."

ट्वायलाने एक चिमुकलं पिस्तूल गल्ल्यावर ठेवलं. काकांनी उचललं आणि ते दिसेनासंच झालं. "पडलं का?" काकू म्हणाली. "हातात आहे माझ्या," काका म्हणाले. पकडीवर त्यांची दोनच बोटं मावत होती, उरलेली दोन हवेत लटकत होती, चहाचा कप धरल्यासारखी. गोळी चढवायला वरचा भाग मागे ओढू गेले तर स्प्रिंग इतकी ताठ की तीस वर्षं सुरी धरून सुजलेल्या पेरांना जुमानेना. काका लाल झाले. काकूने ते त्यांच्या हातून घेतलं, भिंतीकडे तोंड करून धरलं, एका हाताने वरचा भाग पकडला, दुसऱ्या हाताने खालचा पुढे ढकलला. खट्.

"ओढायचं नसतं," ती म्हणाली. "ढकलायचं. बरणीचं झाकण तरी कधी उघडलंय का घरी?"

ट्वायला म्हणाली, "खरं सांगू? लहान पिस्तूल हलकं असतं, आणि जितकं हलकं तितकं हातात उसळतं. तू मधलं घे. जरा जाड, जरा जड, पण तुझी चारी बोटं त्यावर बसतील. सगळे पुरुष हीच चूक करतात. लपवायचं बघून घेतात, झाडायचं नंतर आठवतं."

"मला लपवायचंच आहे," काका म्हणाले.

दुकानामागे मातीचा बंधारा आहे, तिथे गोळ्या झाडून बघता येतं. ट्वायलाने सात यार्डांवर एक कागदी थाळी टाचली. चिमुकल्या पिस्तुलाने काकांनी सहा गोळ्या झाडल्या. प्रत्येक वेळी ते हातात चिडलेल्या मांजरासारखं उसळायचं. जाऊन पाहिलं तर थाळीला ओरखडाही नव्हता. काकूने ती काढून पिशवीत टाकली, आणि बुधवारच्या सहभोजनात आम्ही तिच्यात बटाट्याची कोशिंबीर खाल्ली.

मधल्या पिस्तुलाने मात्र सहाच्या सहा गोळ्या थाळीत, त्याही तळहाताएवढ्या जागेत. काकांनी पाकीट काढलं. मधलं घेतलं.

आता ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न. पोटावर बांधायचा रुंद पट्टा आणला. दुसऱ्या रविवारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ऑर्व्हल आला. हा माणूस मिठी मारताना समोरच्याला उचलतो. काकांनाही इंचभर उचलतो, ते फक्त त्यालाच जमतं. खाली ठेवून म्हणाला, "काका, पोट दगडासारखं झालंय! व्यायाम करता की काय?" मागे बायका फिदीफिदी हसल्या आणि होलिसनी वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या रविवारी घोट्याला. ते बांधायला काकूला जमिनीवर बसावं लागलं, कारण आपला घोटा काकांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेला नव्हता. दारात ठीक चाललं. पण बाकावर बसले तशी पँट वर सरकली, आणि मागच्या बाकावरून ऑर्व्हलच्या मुलाने आईला विचारलं, "डेल्मरकाकांच्या पायात काय आहे?"

शेवटी उपाय काकूनेच काढला. पिस्तुलाला चामड्याचं घट्ट आवरण, चाप पूर्ण झाकलेला, आणि ते कोटाच्या उजव्या खिशात. मिठीत छाती आणि पोट दाबलं जातं, मोकळा कोट बाजूला लोंबतो. पेपरमिंट डाव्या खिशात. पण उजवी बाजू जडावून कोट एकीकडे ओघळायला लागला, तेव्हा काकूने ट्वायलाकडून गळाची शिशाची वजनं आणून डाव्या खिशात टाकली. मग घरात तालीम. काकू डोळे मिटून चारी बाजूंनी मिठ्या मारायची, मग मला उभं करायची. त्या एका संध्याकाळी मी काकांना एकोणीस वेळा भेटलो. काही सापडलं नाही. काका सात अंडी खाऊन झोपले.

परीक्षेच्या रविवारी पाऊण तास आधीच गर्दी. गुपित पाळायचं असं ठरलं होतं म्हणून ते गावभर पोचलं होतं. रस्त्यापलीकडच्या, दुसऱ्या पंथाच्या चर्चमधले दोन मेथडिस्टही बघायला आले होते.

काका दारात उभे राहिले. मी पायऱ्यांवर. गर्दीतून पोझी आली, ऑर्व्हलची धाकटी, चार वर्षांची. गेली दोन वर्षं दर रविवारी करते तेच तिने केलं. काकांकडे बघितलंही नाही, सरळ उजव्या खिशाकडे हात नेला.

काकांनी तिचं मनगट पकडलं. जोरात. एवढा मोठा माणूस इतक्या चपळाईने हलू शकतो हे मला माहीत नव्हतं. पोझीने वर पाहिलं, तिचा ओठ थरथरला आणि तिने भोकाड पसरलं. काकांनी डाव्या खिशातून मूठभर गोळ्या काढून दिल्या, त्यात शिशाची दोन वजनंही गेली, ती मी परत घेतली. पोझी गोळ्या घेऊन आईकडे पळाली. मागे वळून बघत पळाली.

काका पांढरे पडले होते. "चाप झाकलेला आहे, काका," मी म्हणालो. "काही झालं नसतं."

"माहितीये." ते आपल्या खिशाकडे दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखे बघत होते. "तू दोन मिनिटं कागद वाट."

ते गाडीकडे गेले. सीटखाली बसवलेली लोखंडी पेटी उघडल्याचा आणि कुलूप लागल्याचा आवाज मला ऐकू आला. परत आले, डाव्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या उजव्या खिशात ओतल्या, आणि बाहू पसरले.

त्या दिवशी काकांना एकशे चौदा मिठ्या बसल्या. मी मोजत होतो. लोक मिठी मारत नव्हते, झडती घेत होते. अर्वेलामावशी तीनदा रांगेत लागल्या. ऑर्व्हलने काकांना उचलून हलवून बघितलं, डबा रिकामा आहे का बघतात तसं. मेथडिस्टांनीसुद्धा प्रयत्न केला.

उपासना संपल्यावर होलिसनी तिघांना विचारलं. तिघांनीही नाही म्हणून मान हलवली. अर्वेलामावशी तर चिडल्याच: "काखेतही नाही! मी बघितलं!"

होलिसनी वही मिटली आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला. "तीस वर्षं माणसं तपासली मी, डेल्मर, पण मानलं तुला. दार तुझं. आता फक्त मला सांग, ठेवलंयस कुठे?"

गप्प बसले असते तरी चाललं असतं. सगळं गाव त्यांच्या बाजूने होतं.

"गाडीत," काका म्हणाले.

होलिस हसले. मग एकदम थांबले. "गाडीत म्हणजे?"

"पेटीत. कुलूप लावून. माझ्या खिशात पोरांचे हात असतात, होलिस. आज पोझीचा होता. त्या खिशात मी दुसरं काही ठेवणार नाही. दुसरीकडे कुठे ठेवलं तर तुमच्या या मावशी शोधून काढतात."

"मग तू परीक्षेत बाद."

"कळलं," काका म्हणाले, आणि हातातले उरलेले कागद त्यांनी नीट जुळवून गार्लंडच्या हातात दिले.

पुढच्या रविवारी दारात गार्लंड. पिस्तूल इतकं बेमालूम की खुद्द गार्लंडलाच सापडू नये. काका बाकावर बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, काखेत घातले, मग उठून चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात काकूला कॉफीसाठी मदत करायला गेले. त्या स्वयंपाकघराला बाहेरून एक लहान दार आहे, भांडी आत-बाहेर न्यायला. अर्वेलामावशी आपला वॉकर घेऊन त्या दाराने आल्या.

"पुढे पायऱ्या फार आहेत," त्या म्हणाल्या. पुढे दोन पायऱ्या आहेत. मागे चार.

त्याच्या पुढच्या रविवारी ऑर्व्हलचं कुटुंब मागून आलं. मग गाणारे. दोन आठवड्यांनी अकराच्या उपासनेला पाच मिनिटं उरली असताना पाळक व्यासपीठावर चढले, तर समोर रिकामे बाक आणि दारात गार्लंड, हातात छापील कागदांचा अख्खा गठ्ठा. सगळी मंडळी कॉफीच्या भांड्याभोवती दाटीवाटीने उभी, आणि मध्ये काका, अंगात ॲप्रन, दोन्ही बाहू पसरलेले.

होलिस माणसं सारत आत आले. "डेल्मर, हे काय चाललंय?"

"कॉफी," काका म्हणाले.

"सगळं चर्च मागच्या दाराने येतंय. मागचं दार कोण राखणार? माझ्याकडे माणूस नाही."

"मग पुढच्या दाराने आणा त्यांना."

होलिसनी लोकांकडे पाहिलं. कोणी जागचं हललं नाही. पोझीने काकांच्या ॲप्रनच्या खिशात हात घातला, तिथे काहीच नव्हतं, म्हणून दुसऱ्यात घातला.

"गार्लंड गाडीतळावर उभा राहील," होलिस शेवटी म्हणाले. "पिस्तूल त्याच्याकडे. नाहीतरी येणारा आधी तिथूनच येतो. दारातल्या माणसाकडे... काही नसलं तरी चालेल."

"नियमात लिहाल?"

"लिहीन रे बाबा!"

काकांनी ॲप्रन सोडला, काकूच्या हातात दिला, आणि कॉफीच्या भांड्याखालचा गॅस आठवणीने बंद केला. मग चर्चला वळसा घालून पुढे गेले. मंडळी पेले तिथेच ठेवून त्यांच्यामागे निघाली. स्वयंपाकघरात नुकत्याच मिठ्या घेतलेल्या ऐंशीएक लोकांनी पुढच्या दारापाशी पुन्हा रांग लावली, अर्वेलामावशी पहिल्या. पाळक खिडकीतून घड्याळ दाखवत होते, त्यांच्याकडे कोणी बघेना.

सगळ्यात शेवटी होलिस आले. त्यांनी हात पुढे केला.

काकांनी त्या हाताकडे बघितलंच नाही, सरळ बाहू पसरले.