मामाजींचा चोक

आमच्या घरात निदान करायला डॉक्टर लागत नाही, माझा नवरा पुरेसा आहे. मागच्या हिवाळ्यात त्याने एकाच दमात दोन रोग ओळखले. एक गाडीचा, दुसरा स्वतःच्या बापाचा.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ती मामाजींचीच, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सकाळी फुलचूरहून निघायचं, आमगावच्या बाजूला आमचं शेत आहे तिथे चक्कर टाकायची, जेवायच्या वेळेला परत. एवढ्यावर माणूस ठणठणीत होता. दिवाळीनंतर गाडी काळा धूर ओकायला लागली. पेट्रोलचा वास पार देवघरापर्यंत यायचा, आणि पुलावर चढताना ती ठसका लागल्यासारखी अडखळायची.

नवऱ्याने नाकाला रुमाल लावून एकदा पाहिलं आणि जाहीर केलं, बाबा चोक ओढतात आणि आत ढकलायला विसरतात. चोक म्हणजे थंडीत गाडी सुरू करताना ओढायची दांडी. ती ओढली की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं, गाडी गरम झाली की ती परत आत ढकलायची असते. म्हणजे बाबांचं वय झालं, बाबा विसरून राहिले, विषय संपला. नागपूरच्या नणंदेने फोनवरून दुजोरा दिला. तिने सहा महिन्यांत ना गाडी पाहिली होती, ना बाप.

दोन मेकॅनिक झाले. दोघांनीही इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या एअर फिल्टरचा काळा डबा अख्खा उचलून बाजूला ठेवला, खालचा कार्ब्युरेटर धुतला, स्क्रू पिळला आणि जाताना सांगितलं की चोक पे ध्यान दो. डब्याचं झाकण उघडायची तसदी एकानेही घेतली नाही. त्यांना तरी काय बोलणार, गुन्हेगार आमच्या साहेबांनी आधीच पकडून दिला होता.

चाबी नवऱ्याच्या खिशात गेली आणि मामाजी वऱ्हांड्यात बसून राहायला लागले. मला चीड कशाची आली सांगू? ते भांडले नाहीत. आधी म्हणायचे, मी चोक आत करतो. मग म्हणायला लागले, करत असन. आणि एका दुपारी मला विचारलं, "बाई, मी बीपीची गोळी घेतली का?" घेतली होती. रिकामं पाकीट त्यांच्याच हातात होतं, तरी माणूस स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी नवरा आंघोळीला गेला तशी मी चाबी काढली, मामाजींना शेजारी बसवलं आणि पुलापलीकडच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे स्वतः गाडी नेली. इंजिन गरम झाल्यावर मीच चोक पूर्ण आत ढकलला आणि वाटभर हात लावून खात्री करत होते. धूर तसाच. आम्ही पोचतो न पोचतो तोच नवरा मोटारसायकलवर ओल्या केसांनी हजर. कोणाला विचारून आणली, हे त्याने रस्त्यावरच सुरू केलं. मी म्हटलं, आधी मिस्त्रीला बोलू दे, तू महिनाभर बोललास.

मिस्त्रीने इंजिनाचे स्पार्क प्लग काढले. काजळीने माखलेले. हवा कम, पेट्रोल जादा, एवढंच म्हणाला. मग हवा अडवणारी चोकची पट्टी पाहिली, ती नीट उघडी होती. मग त्याने काळ्या डब्याचं झाकण उघडलं. आत फिल्टरला दुहेरी गमछा गुंडाळलेला, भुशाच्या धुळीने इतका गच्च की फुंकर पार जाणार नाही. तो काढून मिस्त्रीने प्लग पुसून लावले आणि गाडी सुरू केली. जरा वेळ भकभक झाली, मग धूर विरला आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

नवरा राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे. तिथे भुसा उडतो म्हणून सगळेच नाकातोंडाला गमछा बांधतात. त्याच दिवाळीच्या आधी त्याची मोटारसायकल बिघडली होती तेव्हा महिनाभर तो हीच गाडी मिलवर नेत होता. स्वतःच्या नाकाला बांधला तसा गाडीच्याही नाकाला बांधला, केवढी ती माया! गमछा मी लगेच ओळखला, त्याच्या फाटक्या काठाला टीप मीच मारली होती.

मी तो त्याच्यासमोर धरला. नवरा म्हणाला, "मी बांधला? मला तर काही आठवत नाही."

मामाजींनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"बाई," ते म्हणाले, "याले आठवत नाही म्हणते. याच्या मोटारसायकलची चाबी बी ठेवून घे."

मी हात पुढे केला. मिस्त्री पाहत होता, त्यामुळे नवऱ्याला ती द्यावीच लागली.