वल्ह्याला लावलेला कान

काल पुण्याचे दोन साहेब जिताडा धरायला आमच्या खाडीत आले. फायबरची चकचकीत होडी, तिच्यावर टीव्हीसारखा पडदा. त्यात मासे दिसतात म्हणे! दोघं पडद्यात डोळे घालून बसलेले, पाण्याकडे एकदा बघतील तर शपथ.

"मासे धरायला आलात की सिनेमा बघायला?" मी माझ्या होडीतून विचारलं.

"आजोबा, तुम्हाला कसा कळायचा मासा?" एकजण ओरडून म्हणाला.

"आम्ही वल्हं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावायचो. खाली जिताडा हलला की लाकूड सांगायचं," मी म्हटलं. यांचं सगळं विकतचं, अक्कलसुद्धा.

"दाखवा की!" दोघं हसले.

वल्हं बुडवलं, कान लावला. काहीच नाही. माझे कान जड होऊन दोन वर्षं झाली, पण ते यांना कशाला सांगू?

"तिकडे," मी बोट दाखवलं.

आणि गेले की येडे, पडदा बंद करून!