आधी सासूबाईंना गाडीत बसून बघू द्या

मैत्रिणींनो, आत्ताच शोरूममधून व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं. सीट कव्हर नऊ हजार, मॅट साडेतीन हजार, हँडलिंग चार्जेस सहा हजार. यातलं मी काहीच मागितलं नव्हतं.

मागितलं होतं एवढंच, की सासूबाईंना गाडीत एकदा बसून बघू द्या. त्यांचा गुडघा वाकत नाही. रिक्षात चढवायला दोघं लागतात, म्हणून चार महिने त्यांचं देवळात जाणं बंद आहे. गाडी घेतोय ती त्यांच्यासाठीच.

सकाळी गणपतीला दूर्वा वाहून त्यांना गिरीजहून कसंबसं माणिकपूरच्या शोरूममध्ये नेलं. सेल्समन म्हणाला, "काकी, ही डिस्प्लेची गाडी आहे, सीट खराब होईल. साहेबांना घेऊन या, मग बघू."

सासूबाई म्हणाल्या, "बसणार मी, नि हा बोलावतोय माझ्या लेकाला! त्याचा गुडघा बघणार काय?"

मॅनेजरने फोनमधून मानही वर केली नाही. आम्ही परत आलो.

मी कळवून टाकलंय, बुकिंग करणार नाही. सासूबाईंना पाय आत घेऊन, दार लावून बसता आलं, तरच गाडी घेईन. उद्या आम्ही दोघी पुन्हा निघणार आहोत. वसई-विरारमध्ये म्हाताऱ्या माणसाला बसू देणारं शोरूम कुणाला ठाऊक आहे का? असेल तर उलट टपाली कळवा.