या वर्षी मी मेले नाही

कोराडीच्या वीज केंद्राच्या आमच्या कॉलनीत दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटक होतं आणि दरवर्षी मी मरते. विहिरीत उडी घेऊन दोनदा, विष पिऊन तीनदा आणि एकदा छातीत कळ येऊन. ते कळ येऊन मरणं माझ्या सासूबाईंना मुळीच पटलं नाही. सुखाचं मरण झालं, म्हणाल्या.

सासूबाई माझ्या नाटकांच्या सगळ्यात मोठ्या चाहत्या. पहिल्या रांगेत बसणार, मांडीवर दोन रुमाल. एरवी घरात माझं काहीच सरळ नसतं. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसली तरी दोष माझा, भाजीला रस्सा जास्त झाला तरी उद्धार माझ्या माहेरचा. पण रंगमंचावर नाटकातल्या नवऱ्याने माझी वेणी ओढली की त्यांच्या डोळ्यांना धार लागते. शेजारच्या वहिनी, अगदी गरीब गाय, नाटकात माझी सासू होतात. एका संक्रांतीला सासूबाईंनी त्यांचा तिळगूळच घेतला नाही. "किती छळलं वं पोरीले त्या बयेनं!" हे मलाच सांगितलं, आणि त्याच दमात माझ्या पोळ्या जाड झाल्याचंही.

मी मेले की मात्र पुढचे दोन दिवस माझे. सकाळी डोळे उघडायच्या आत चहा हजर, वर "झोप वं, थकली अशीन." त्या दोन दिवसांच्या लोभापायी मी बाकीचं वर्ष काढायची. खोटं कशाला बोलू, त्यांच्याकडून प्रेम मिळायचं ते तेवढंच.

यंदा आमचे दिग्दर्शक, म्हणजे बॉयलर विभागातले एक साहेब, नवीच संहिता घेऊन आले. "मॅडम, या वर्षी तुम्ही मरून नाही राहिल्या. बॅग घेऊन घर सोडून राहिल्या."

मी लगेच तडजोड सुचवली. "सर, निघायच्या आधी थोडं विष घेतलं तर?"

"अहो, किती मराल!"

प्रयोगाच्या दिवशी नाटकातल्या नवऱ्याने नेहमीसारखं मला ढकललं, वहिनींनी टोमणे मारले, सासूबाईंचा पहिला रुमाल भिजला. मग मी बॅग उचलली. प्रेक्षकांमधून चालत मागच्या दाराने जायचं होतं. पायऱ्या उतरताना बघते तर दुसरा रुमाल कोरडाच, आणि सासूबाई उठून उभ्या. आता भर हॉलमध्ये आपला उद्धार होणार, यंदाचे दोन दिवस गेले, असं धरून मी मान खाली घातली.

"मांगं पाहू नको वं!" त्या ओरडल्या.

सगळा हॉल खो-खो हसला. शिट्ट्याही पडल्या.

मी अगदी त्यांच्या खुर्चीला लागून चालले होते, म्हणून पुढचं फक्त मला ऐकू आलं. "मी मांगं पायलं होतं. पोरगा रडून राहिला होता. बस सोडली अन् परत आली."

तो पोरगा, म्हणजे माझा खराखुरा नवरा, चौथ्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होता.

दारात थांबून एकदा रंगमंचावरच्या घराकडे वळून बघायचं, असं दिग्दर्शकांनी महिनाभर घोटून घेतलं होतं. मी वळले नाही. सरळ बाहेर गेले, सायकलींपाशी बॅग टेकवली आणि सासूबाईंसाठी पोटभर रडले.