उमाबाईची कोरी भिंत

उमाबाईला शिसारी फार लवकर यायची, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. दुधातली साय, दारातलं ओलं पायपुसणं, थुंकी लावून नोटा मोजणारं गिऱ्हाईक, काहीही पुरायचं. बाईंचं तोंड वाकडं. पण नवं घर झालं आणि जी शिसारी आली, ती तोंड वाकडं करून भागण्यातली नव्हती.

लातुरात तिच्या नवऱ्याचं, गुरुपादप्पाचं, भांड्यांचं दुकान. दुकानामागं दोन खोल्या आणि त्यातच लग्नापासूनचा संसार. भिंत अशी तिनं कधी बघितलीच नाही. जिकडं बघावं तिकडं हंडे, घागरी आणि पातेल्यांच्या चळती, थेट छताला टेकलेल्या. सकाळी अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर नजर ठरवायची, तर मागं पातेल्यांच्या बुडात तिचीच दहा तोंडं हलायची. पूजा व्हायची, मन काही बसायचं नाही. त्यात दुकानात भांड्यांवर नाव घालायच्या मशीनची घर्रघर्र दिवसभर डोक्यात.

म्हणून घर बांधताना तिनं एकच मागितलं. फरशी कसली, ओट्याला कुठला दगड, पीओपीत दिवे किती, ते तुम्ही आणि पुण्यातला आपला पोरगा मिळून ठरवा. हॉलमधली दारासमोरची भिंत तेवढी कोरी ठेवा. पांढरी. तिथं खिळा मारायचा नाही. गुरुपादप्पा मान डोलावून हाव म्हणाला. तो सगळ्यांनाच हाव म्हणतो, हे तिनं त्या दिवशी ध्यानात घेतलं नाही.

मग झाली घरभरणी. पत्रिकेवर ठळक छापलं होतं, कृपया आहेर आणू नये. आता हे वाक्य आपल्याकडं कोण खरं मानतं? लोकांनी घरभरणी म्हणजे घर भरूनच टाकायचं असतं असं धरलं. प्लॅस्टिकच्या द्राक्षांचे वेल आले. गाल फुगवलेलं गोरं परदेशी बाळ आलं. तासातासाला चिमणीसारखं किंचाळणारं घड्याळ आलं. शेजारच्या शेषेरावानं तर धबधब्याची फ्रेम आणली. वायर लावली की निळा उजेड पडतो आणि आत पाणी वाहतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर, आणि भिंतीवर रात्रंदिवस धबधबा! जवळपास प्रत्येकाखाली सोनेरी अक्षरात सप्रेम भेट, त्यापुढं देणाऱ्याचं नाव, त्यापुढं व परिवार.

सगळ्यात मोठी फ्रेम निलंग्याच्या अक्कांची. लक्ष्मम्मा, गुरुपादप्पाची थोरली बहीण. एसटीत मांडीवर उभी धरून आणलेली, दाराएवढी. समुद्रातून उधळत येणारे सात पांढरे घोडे, नाकपुड्या फुगवलेले, तोंडाला फेस आलेला. उमाबाईला तो फेस बघूनच शिसारी आली.

तिला वाटलं, हे सगळं जिन्याखाली जाईल. पण दुसऱ्याच दिवशी गुरुपादप्पा ड्रिल मशीन घेऊन उभा. लोकं घर बघायला येतेत, आपली वस्तू दिसली न्हाई तर काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्यांची नावं भांड्यांवर घातलेला माणूस. कुणाच्याही घरी माणूस आधी आपलं नाव हुडकतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तिनं आडवं येऊन बघितलं, अबोला धरून बघितला. संध्याकाळपर्यंत भिंत गच्च भरली. मधोमध घोडे.

आणि लोकं आलीही. शेषेराव चहाला बसला तर त्याचे डोळे आधी भिंतीवर. धबधबा सापडेस्तोवर बशी हातातच. सापडला की अंग सैल सोडून फुर्र करून चहा प्यायला. उमाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिला त्या धबधब्यापेक्षा त्या डोळ्यांचीच जास्त किळस आली. दिल्याचं सुख एवढंच का, की दुसऱ्याच्या घरात आपली पाटी लागावी?

सकाळची पूजा तर पार नासली. तळहातावर लिंग, आणि त्याच्या वर घोड्यांची तोंडं. एक दिवस तिची नजर जरा कुठं ठरत होती, तेवढ्यात ते घड्याळ किंचाळलं. हात दचकला. लिंग तळहातावरून घरंगळलं आणि मांडीवरच्या पदरात अडकलं म्हणून बरं. भुईला लागलं असतं तर? लिंगायतात याला मोठं पाप मानतात. पूजा पुरी केली, उठली, स्टूल ओढलं आणि एकेक वस्तू खाली उतरवली. सगळा पसारा जिन्याखाली. रंगाऱ्याला बोलावून भोकं बुजवली, भिंत पांढरी करून घेतली. गुरुपादप्पा दुकानातून आला, भिंत बघितली, आणि माणसं तोडायला निघालीस म्हणून खूप बोलला. तिनं बोलू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीसमोर बसली. तळहात, लिंग, मागं नुसतं पांढरं. नजर जी ठरली ती हललीच नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेही तिला उशिरा कळलं. एवढ्यासाठी बाई इतकी वर्षं थांबली होती.

ते सुख पंधरवडाभर टिकलं. मग एका दुपारी न कळवता अक्का आल्या. चप्पल काढता काढता भिंतीकडं बघितलं आणि एक चप्पल पायातच राहिली. उमाबाईनं ठरवलं होतं, लपवाछपवी करायची नाही. पूजेला त्रास होतो म्हणून सगळंच काढलं, असं तिनं सरळ सांगितलं. आता अक्का रडणार, भावाला फोन लावणार, म्हणून ती कंबर कसून बसली.

अक्कांनी फोन लावला नाही. पाणी प्यायल्या, तांब्या खाली ठेवला.

"उमा, निलंग्याच्या घरावर आधी सासऱ्याची पाटी व्हती. मग मालकाची. आता पोराची हाय. बापाचं घर तर इकूनच टाकलं. फ्रेमवाला मला म्हणला, मालकाचं नाव टाकू का? मी म्हणलं, नको. निस्तं माझं टाक."

 उमाबाईला राग आला, आणि तो अक्कांचाच आला. हे मला कशाला सांगितलं बाई, असं मनात आलं. घोडे आतल्या खोलीत लावते, एवढंच ती म्हणाली.

"आतल्या खोलीत कोण बघतंय?" अक्का म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं.

उमाबाई उठली. जिन्याखालून घोडे ओढून काढले, त्यांत गुंतलेली धबधब्याची वायर उपटून फेकली, काच पुसली. खाली खरंच तेवढंच लिहिलेलं होतं: सप्रेम भेट, लक्ष्मम्मा. ना व परिवार, ना कुणाचं आडनाव. अक्कांनी स्टूल धरलं आणि उमाबाईनं स्वतःच्या हातानं त्या पांढऱ्या भिंतीच्या मधोमध खिळा ठोकला. एकेक ठोका तिच्या जिवावर येत होता. संध्याकाळी गुरुपादप्पानं घोडे बघितले आणि खुशीत बाकीचं काढायला जिन्याखाली वाकला.

"त्या धबधब्याला हात लावून तर बघा," ती म्हणाली. तो गुमान हात धुवायला गेला.

आता रोज सकाळी ती तिथंच बसते. घोडे अजूनही घाणेरडेच दिसतात, त्या फेसाची अजूनही शिसारी येते. नजर तळहातावरून सुटते आणि वर जाते, घोड्यांकडं नाही, खालच्या अक्षरांकडं. मग आपसूक घरभर फिरून येते. फाटकावर गुरुपादप्पा. लाइटबिलावर गुरुपादप्पा. मांडणीतल्या एकूण एक भांड्यावर गुरुपादप्पा. या घरात बाईचं नाव एकाच ठिकाणी आहे आणि ते तिचं नाही. हे तिला त्या घोड्यांनी दाखवलं, आणि त्याबद्दल तिनं त्यांना अजून माफ केलेलं नाही.