नाव सगळ्यात शेवटी

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान होतं आणि समोरच्या माणसाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात त्याची हयात गेली. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर त्याने स्वतः वाचायला घेतलं. आणि वाचायला घेतलं तेही काय, तर चर्चच्या आवारातले थडग्यांचे दगड! झिजलेले, शेवाळलेले, आपल्यावर कधीकाळी काही कोरलं होतं हे त्या दगडांनाही आठवत नसेल असे. "जिवंत माणसांचे डोळे तपासून झाले," मामी म्हणायची, "आता मेलेल्यांच्या मागे लागलाय हा माणूस."

असं म्हणायची आणि आरसा काखेत मारून त्याच्या मागोमाग निघायची. आरसा दुकानातलाच, गिऱ्हाईक नवी फ्रेम घालून स्वतःला न्याहाळतं तो. युक्ती साधी होती. उतरतं ऊन आरशाने वळवून दगडावर आडवं टाकायचं, म्हणजे बुजलेल्या अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मामी आरसा धरायची, मामा मऊ ब्रशने शेवाळ झाडायचा आणि सवयीने दगडालाच विचारायचा, "आता? आणि आता? आधीचं बरं होतं, की हे?"

त्याचा एक नियम होता, आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमाने घडवलं. मामा दगड खालून वर वाचायचा. नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी कळलं की डोळे फितूर होतात, मग जे हवं तेच दिसतं, असं त्याचं म्हणणं. "वर्तमानपत्रही असंच वाचतोस का रे?" मी विचारलं. "वाचतो," तो म्हणाला, "म्हणून तर मला राजकारणातलं काही कळत नाही."

चर्चच्या भिंतीला लागून एक बेकरी आहे. तिथल्या आजी म्हणजे सगळ्या गल्लीच्या आजी. डॉक्टरांनी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: मेल्यावर आपल्याला याच आवारात पुरायचं. आवार भरलेलं. नवी जागा फक्त ज्यांचं पूर्वीचं थडगं तिथे आहे त्यांच्याच घरच्यांना, बाकीच्यांनी हमरस्त्यापलीकडच्या नव्या दफनभूमीत जायचं. आजींचे यजमान त्या नव्या दफनभूमीतच होते.

"मग त्यांच्या शेजारीच बरं नाही का?" मामीने विचारलं.

"उभा जन्म त्यांचं घोरणं ऐकलंय. आता पुरे," आजी म्हणाल्या. "आणि तिथून भट्टीचा वास येईल का मला? सून चांगली आहे गं, पण फोनवर बोलायला लागली की पाव विसरते. कोणीतरी जवळ नको?"

आवाराच्या कोपऱ्यात एक कलता दगड होता. आजींच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की तो पणजोबांचा. नाव मात्र कोणालाच वाचता येत नव्हतं. चर्चच्या कमिटीचे चिटणीस म्हणाले, नाव वाचून दाखवा, जागा घ्या. आजी तडक मामाकडे आल्या.

मामाने खालून सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी ओळ निघाली: 'कधी तक्रार केली नाही.' आजी खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या. "आमच्या घरातले पुरुष बोलतातच कुठे?" त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी निघालं, 'मुलांना पाठीवर बसवून हिंडवले.' आजी म्हणाल्या, "बघा, किती मायाळू!" मग निघालं, 'गाजरांवर फार जीव.' हे ऐकून आजींचा मुलगा भट्टी सोडून धावत आला. "मलाही गाजर आवडतं!" तो छाती फुगवून म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. मग 'थोडा हट्टी' निघालं, आणि आजींना इतकं भरून आलं की मामीला आरसा ठेवून पाणी आणावं लागलं.

मला शंका आली ती पुढच्या ओळीला. 'लाथ एकदाच मारली, तीही कंत्राटदाराला.'

"मामा," मी हळूच म्हटलं, "हे जरा..."

"नाव आल्याशिवाय मत बनवायचं नाही," मामा म्हणाला.

"कंत्राटदाराला मारली ना?" आजी म्हणाल्या. "मग आमचेच!"

शनिवारी कमिटी आली. फादर, चिटणीस आणि दोघे सभासद, सगळे इस्त्रीचे कपडे घालून. वरच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. मामीने ऊन धरलं. मामाने ब्रश फिरवला, वाकला, पुन्हा वाकला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अक्षरं आता लख्ख दिसत होती.

ज्या माणसाने चष्मा लागलेला नसताना कोणाला कधी चष्मा विकला नाही, तो एक अक्षर खोटं वाचणार नाही हे मला माहीत होतं. तरी मी मनात म्हणत होते, वाच रे बाबा काहीतरी दुसरं, एकदाच.

"वाचा की," आजी म्हणाल्या. "लाजताय काय?"

मामाने ब्रश खाली ठेवला. "'या इमारतीचे दगड याने वाहिले,'" तो म्हणाला. मग अगदी बारीक आवाजात, "'आमचे गाढव.'"

मामीच्या हातातला आरसा कलला आणि उजेडाचा तुकडा चिटणिसांच्या तोंडावर जाऊन बसला. ते हसू दाबत होते. तो आरसा त्यांच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू.

"म्हणजे," चिटणीस म्हणाले, "आजींचा हक्क लागायचा तर त्या गाढवाच्या वंशज ठरायला हव्यात." एक सभासद गंभीरपणे म्हणाला की तशी नियमात तरतूद नाही. दुसरा म्हणाला, पण मनाईही नाही.

आजी उठल्या. दगडाला धरून उभ्या राहिल्या.

"माझ्या आईने मला इथे आणून रडायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "तिला तिच्या आईने. घरात काही झालं की आम्ही याच्याकडे आलो, आणि याने सगळं ऐकून घेतलं. तक्रार केली नाही, लिहिलंच आहे तिथे. आमच्याशिवाय याच्यासाठी दुसरं कोण रडलंय, सांगा? कष्टाळू, हट्टी, गाजरं खाणारा. आमच्याच घरातला आहे हा. घ्या लिहून."

"मग तुमचे खरे पणजोबा कुठे आहेत?" चिटणिसांनी विचारलं.

"त्यांचं ते बघतील."

"अहो, पण गाढव चर्चचं सभासद कधी होतं?"

फादरनी मान वर करून घंटेच्या मनोऱ्याकडे पाहिलं, पायथ्यापासून टोकापर्यंत, एकेका दगडाकडे. "वर्गणी मात्र आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त दिलीय त्याने," ते म्हणाले. जागा मिळाली.

थंडीत आजी गेल्या. कलत्या दगडाशेजारी त्यांचा नवा दगड बसला, भिंतीला अगदी लागून. त्यावर काय कोरायचं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'थोडी हट्टी' यासकट. अक्षरं इतकी ठसठशीत की रस्त्यावरून वाचता येतात. तरी मामा संध्याकाळी तिथे जातो, मामी आरसा धरते, आणि तो खालून वर सगळं वाचून काढतो. वाचून झालं की विचारतो, "आता? येतोय का वास?"

परवा मीही होते. मामीने नाक वर केलं आणि म्हणाली, "पाव करपतोय गं."

आम्ही कोणी हाक मारायच्या आतच भिंतीपलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला, आणि सून ओरडली, "कळलं हो आई, काढतेय!"